रोज कमरेला बाळगायला जुनं फौजी पिस्तूल: मकारोव, सीझेड ८२ की आणखी काही?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मूळचा कराडचा, चौदा वर्षं डॅलसजवळ. दोन वर्षांपूर्वी नागरिक झालो आणि गेल्या हिवाळ्यात पिस्तूल बाळगायचा परवाना काढला. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही बाळगता येतं, पण दुसऱ्या राज्यात जाणं होतं म्हणून काढून ठेवला.

गेल्या शनिवारी गन शोला गेलो होतो. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर मेणकागदात गुंडाळलेलं पूर्व जर्मन मकारोव दिसलं. ग्रीस एवढं थापलेलं की हातात घेतल्यावर आधी बोटांचे ठसे उमटले. पण वजन, घडण, मूठ हातात बसते ती... काय सांगू! शेजारीच चेक सीझेड ८२, पोलिश पी-६४ आणि स्पॅनिश स्टार बीएम ही तिन्ही होती. सगळी चारशे-साडेचारशे डॉलरच्या आत. नवी, प्लास्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलं दुकानात पाहिली आहेत, मला त्यांत जीव वाटत नाही.

प्रश्न एवढाच: रोज कपड्यांआड बाळगायला यातलं कुठलं घ्यावं? बंदुका चांगल्या की वाईट हा वाद कृपया इथे नको.

तिरकस
"वाद नको" लिहिलंत म्हणजे धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पोह्यात_शेंगदाणे
मुंबईत लहानपणी ऐकलेलं की "घोडा" म्हणजे अख्खं पिस्तूल. इथे लोक त्याच्या मागच्या एका भागाला घोडा म्हणतात. मग चाप कुठला?

लोखंड्या
घोडा मागचा, आपटतो तो. चाप पुढचा, बोटाने ओढतो तो. हे आत्ताच ठरवून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होईल.

कृष्णाकाठ, ॲरिझोनात राहतो, वीस वर्षं जुनी फौजी पिस्तुलं जमवतो. संग्राहकाचा परवानाही आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ अवस्थेतली हत्यारं त्यावर थेट घरपोच मागवता येतात, फक्त त्यावर धंदा करता येत नाही. तुमच्या चारही उमेदवारांबद्दल सांगतो.

मकारोव: सोव्हिएत लष्कराने १९५१ मध्ये स्वीकारलं. ९ बाय १८ मिलिमीटरचं (गोळीची जाडी बाय पुंगळीची लांबी) काडतूस, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, रिकामं वजन साधारण ७३० ग्रॅम. तुम्ही पाहिलंत ते सूल गावात बनलेलं असणार, सगळ्या मकारोवांत त्याचं काम सर्वांत देखणं. मोठा गुण म्हणजे खटका (सुरक्षेची कळ) वर केला की घोडा सुरक्षित खाली येतो आणि पहिली गोळी लांब, जड चापाने सुटते. चारांत खिशाजवळ बाळगण्याचा विचार करून बनवल्यासारखं हेच वाटतं.

सीझेड ८२: तेच काडतूस, पण १२ गोळ्या. खटका आणि मॅगझिनचं बटण दोन्ही बाजूंना, डावखुऱ्यांची सोय. अडचण अशी की खटक्याने घोडा खाली येत नाही. भरलेल्या पिस्तुलाचा घोडा उतरवायचा तर अंगठ्याने धरून चाप ओढावा लागतो. एकदा अंगठा निसटला की छपराला भोक. मूठही जाडजूड आहे.

पी-६४: छोटं, सुंदर, ६ गोळ्या. पहिल्या गोळीचा चाप ओढायला हळदकुंकवाच्या वाणात व्यायामाचा स्प्रिंग मिळाल्यासारखं वाटतं. हाताला मारतंही जोरात.

स्टार बीएम: सिव्हिल गार्ड या स्पॅनिश पोलीस दलाची. ९ बाय १९, ८ गोळ्या, वजन किलोच्या आसपास. घोडा चढवून, खटका लावून बाळगायचं पिस्तूल, आणि आत पिन (काडतुसाच्या बुडावर टोचून गोळी सोडणारी) अडवून धरणारा अडसर नाही. भरलेलं पिस्तूल नळीवर आपटलं तर काय होईल याची खात्री मी देणार नाही. कपाटाची शोभा.

मी स्वतः हिवाळ्यात मकारोव बाळगतो. बाकी पुढे.

दापोलीचा_बाबू
तोकारेवला विसरलात काय? तेही तिथेच असतं स्वस्तात.

लोखंड्या
मुद्दामच विसरलो. मूळ तोकारेवला हाताने लावायचा खटकाच नाही, घोडा अर्धवट चढवून ठेवायची खाच तेवढी. अमेरिकेत आयात करायला खटका हवा म्हणून तो मागाहून बसवलेला असतो, आणि ते काम कसं आहे ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर. रेंजवर मजा. भरून कमरेला नको.

जुना_फौजी
पुण्याहून. निवृत्त. अमेरिकेतल्या कायद्याचं मला काही कळत नाही, पण पिस्तुलाशी बत्तीस वर्षं संबंध आला म्हणून लिहितो.

आमच्याकडे ९ मिलिमीटर १ए. म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर, आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं, १३ गोळ्यांचं. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेले तेव्हा ते अर्धवट होतं, बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने ते पुरं केलं. महायुद्धात कॅनडात टोरंटोच्या इंग्लिस कंपनीत बनलं आणि आपला नमुना त्याच घराण्यातला.

हे पिस्तूल आम्ही कसं बाळगायचो? कॅनव्हासच्या झाकणवाल्या होल्स्टरमध्ये, पट्ट्याला बाहेरून, दोरीने खांद्याला बांधून. नळीत गोळी नाही. घसरगुंडी, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढल्याशिवाय ते लोखंडाचा तुकडाच. फौजी पिस्तूल बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा माणूस होता. शर्टाच्या आत, पोटाला टेकवून, भरलेलं पिस्तूल घेऊन भाजी आणायला जाणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

जाता जाता: उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात मला अजून एक व्रण आहे. हाय-पॉवरचा घोडा मागे येताना चावतो. नव्या सबॉल्टर्नला (कनिष्ठ अधिकाऱ्याला) पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, सगळे वाट बघत असतात.

रानजाई
जुना_फौजी, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

डॉ_कडूलिंब
वाद नको म्हणालात तरी एक परिच्छेद लिहिणार, मग गप्प बसेन. आपत्कालीन विभागात काम करते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर-दरोडेखोराचा विचार सगळे करतात. घरातल्याच कोणाचा एखादा वाईट महिना कोणी हिशेबात धरत नाही. कुठलं पिस्तूल हे ठरवण्याआधी कुठली तिजोरी ते ठरवा. घरात मुलं आहेत का?

कृष्णाकाठ
डॉक्टर, एक मुलगी, नऊ वर्षांची. बोटाच्या ठशाने उघडणारी पेटी आधीच घेतली आहे, भिंतीत बोल्टने बसवली आहे. तुमचा मुद्दा डोक्यावरून गेलेला नाही.

तिरकस
पाहा, वाद झालाच नाही. पॉपकॉर्न वाया.

एच१बीचा_पक्षी
मीही डॅलसलाच आहे, एच१बी वर. रूममेटबरोबर घ्यायचा विचार आहे. चालेल ना?

लोखंड्या
थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं हेसुद्धा बाळगणंच. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न वेगळा. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना हे विचारतात आणि त्यावर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. रूममेटच्या नावावर तुमच्यासाठी घेणं तर त्याहून वाईट. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नका.

एच१बीचा_पक्षी
बापरे. बरं झालं विचारलं. क्रिकेटची बॅट घेतो.

न्यूजर्सीतला_नागपूरकर
आणि टेक्सासचा परवाना घेऊन आमच्याकडे लग्नाला येऊ नका. न्यूजर्सी तो मानत नाही. विमानतळावर पकडलेले लोक वकिलांना पोसतात.

दापोलीचा_बाबू
अवांतर: आमच्या घरी आजोबांच्या काळापासून ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. वानर-डुकरांसाठी. आवाजच करायचा असतो. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. एकदा आणली तेव्हा नळीत कोळ्याने घर केलेलं. परवान्याच्या नूतनीकरणाला लागतात तेवढे हेलपाटे वानरंही घालत नाहीत.

कृष्णाकाठ, हे मकारोव पुढेमागे कराडला आणता येईल का हो?

जुना_फौजी
विसरा. ९ मिलिमीटर आपल्याकडे नागरिकांसाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे. परवानाधारकाला .३२ मिळतं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं. तेही कारण पटवून दिल्यावर. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, पूर्वी तीन चालायची.

सदाशिवपेठी_सत्य
जुन्या फौजी पिस्तुलांचा विषय आणि बेरेटा १९३४ चं नाव नाही? इटालियन लष्कराचं तेच पिस्तूल ३० जानेवारी १९४८ ला

प्रशासक
वरचा प्रतिसाद अर्ध्यावर तोडला आहे. त्या विषयावर ढिगाने धागे आहेत, हा पिस्तुलाच्या खरेदीचा आहे. मूळ विषयावर या.

टेक्सासची_काकू
सगळे पुरुष लोखंडाबद्दल बोलतायत, कपड्यांबद्दल कोणीच नाही. सहा वर्षं रोज बाळगते म्हणून सांगते.

पिस्तूल बाळगणं म्हणजे मुख्यतः पट्टा, होल्स्टर आणि आपलं पोट. गाडीत बसताना, वाकताना, मुलांना उचलताना काय होतं ते आधी बघा. थोड्याच दिवसांत वैताग येतो आणि ते घरीच राहायला लागतं. नाहीतर गाडीत ठेवलं जातं आणि चोरीला जातं. माझी पहिली रिव्हॉल्व्हर मी अशीच कपाटात टाकली होती.

तर उपाय फुकटचा आहे. काहीही विकत घेण्याआधी खलबत्त्यातला बत्ता कमरेला खोचून एक दिवस घरात फिर. संध्याकाळपर्यंत बत्ता कुठे ठेवलास ते मला सांग.

आणि मंडळाचा गणपती बहुतेक ठिकाणी हायस्कूलच्या सभागृहात असतो. शाळेच्या इमारतीत नेणं गुन्हा आहे, आरतीला आलात तरी. पोस्टातही नाही. दुकानाच्या दारावर ३०.०६ ची (लपवलेलं पिस्तूल आत आणू नका सांगणारी) इंचभर अक्षरांतली पाटी असली तर तिथेही नाही. म्हणजे दिवसातून दोनदा तरी ते काढून ठेवावं लागणार, ते कुठे याची सोय आधी.

पोह्यात_शेंगदाणे
काकू, नऊवारीत कुठे लावता?

टेक्सासची_काकू
नऊवारीत लावत नाही, नऊवारीला वचकतात. पाडव्याला घरीच ठेवते.

लोखंड्या
काकूंना अनुमोदन. आता राहिलेलं सांगतो, कारण "जुनं घेऊच नका" म्हणणारा मी नाही.

एक, सफाई. ते ग्रीस म्हणजे कॉस्मोलिन. वरून पुसून भागत नाही, आत पिनच्या बोगद्यात घट्ट बसलेलं असतं. मकारोवची पिन स्प्रिंगशिवाय मोकळी सरकते. ती ग्रीसमध्ये पुढे अडकून बसली तर घसरगुंडी बंद होतानाच गोळी सुटू शकते. पूर्ण उघडून, मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून, कोरडं करा. हलवल्यावर पिन खुळखुळली पाहिजे. स्वतःला जमत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

दोन, स्प्रिंग. साठ वर्षांची स्प्रिंग आहे. नवी दहा-पंधरा डॉलरची, आल्या दिवशी बदला.

तीन, काडतूस. ९ बाय १८ ला दुकानदारसुद्धा ९ मिलिमीटर म्हणून मोकळे होतात. त्याची गोळी ९ बाय १९ पेक्षा जाड असते, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. स्वस्त रशियन सरावाचा माल सप्टेंबर २०२१ पासून नव्या आयात परवान्यांअभावी आटला, त्यामुळे सराव महाग. फौजी पिस्तूल गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी बनलेलं. पोकळ टोकाची प्रत्येक गोळी ते गिळेलच असं नाही. जी बाळगणार तीच किमान दोनशे झाडून बघा, एकदाही अडकता कामा नये. आणि जुन्या लष्करी काडतुसांची बारूदटोपी (बुडाशी असते ती, ठिणगी देणारी) बऱ्याचदा गंज आणणारी असते, ती झाडली तर त्याच दिवशी नळी धुवायची.

एवढं केलंत तर मकारोव घड्याळासारखं चालतं. माझं चालतंय.

न्यूजर्सीतला_नागपूरकर
पण का? २०१८ मध्ये आलेलं सिग पी३६५ साधारण अर्धा किलोचं आहे, १० गोळ्या, त्याही ९ बाय १९ च्या. मकारोव पाऊणपट ताकदीच्या ८ गोळ्यांसाठी पाव किलो जास्त वजन उचलतं. जीव वगैरे बायकोत शोधावा, पिस्तुलात नाही.

लोखंड्या
पाऊणपट हा आकडा मोजून लिहिलात की वऱ्हाडी अंदाज? बाकी मुद्दा मान्य. माझ्याकडे उत्तर नाही. मला ते आवडतं.

न्यूजर्सीतला_नागपूरकर
वऱ्हाडी अंदाज. हलके घ्या.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व. आधी कबुली: काकूंचा सल्ला वाचायच्या आधीच मकारोव घेऊन झालं होतं. धागा काढला तेव्हा आगाऊ रक्कम दिलेली होती.

तिरकस
म्हणजे मुलगी पसंत करून, साखरपुडा उरकून मग पत्रिका दाखवायला आणलीत.

कृष्णाकाठ
अगदी तसंच. आता हकिगत.

पहिला रविवार कॉस्मोलिन काढण्यात गेला. स्पिरिट संपलं म्हणून शेवटचे दोन भाग उकळत्या पाण्यात टाकले. पातेलं कुठलं होतं ते पुढे येईल. लोखंड्यांनी सांगितल्याप्रमाणे पिन काढली तर ती काळ्या डिंकातून ओढून काढावी लागली. धुतल्यावर खुळखुळायला लागली. ते वाचलं नसतं तर मी तसंच भरलं असतं, खरंच आभार. स्प्रिंग बदलली. रेंजवर अडीचशे झाडल्या, एकदाही अडलं नाही. पंधरा यार्डांवर माझ्यासारख्या नवख्याच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या. इथवर मी हवेत.

मग काकूंची परीक्षा. बत्त्याऐवजी रिकामं मकारोव, मॅगझिनही बाहेर, कमरेला उजवीकडे आत. आठवडाभर, फक्त घरात.

सोमवारी काहीच वाटलं नाही. मंगळवारी गाडीतून तांदळाची वीस पौंडांची गोणी उचलून आत आणली तेव्हा घोड्याचं टोक बरगडीखाली असं रुतलं की गोणी दारातच टाकली. बुधवारी जमिनीवर बसून मुलीचा प्रकल्प करत होतो, उठताना होल्स्टरसकट वर आलं. गुरुवारी बाहेर ४० अंश, अंगणात गवत कापलं. संध्याकाळी काढलं तर घसरगुंडीवर, जिथे अंगाला लागतं तिथे, केशराच्या काड्यांसारख्या तांबूस रेषा. एका दिवसात गंज! तेल लावून पुसल्या तर गेल्या, पण मला एवढं वाईट वाटलं, जणू कोणाचं तरी जपून ठेवलेलं मी घामाने नासवलं. साठ वर्षं ते ग्रीसमध्ये सुखरूप होतं हो.

शिवाय वास. बायको म्हणाली, "तुझ्या गंजीफ्रॉकला सायकलच्या दुकानाचा वास येतो." शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला ते पेटीत ठेवलं आणि शनिवारी काढायचं राहूनच गेलं. काकू, बत्ता दुपारीच कपाटात गेला.

टेक्सासची_काकू
शुक्रवारपर्यंत टिकलास, माझी रिव्हॉल्व्हर तीन दिवसांत गेली होती. शहाणा आहेस.

लोखंड्या
म्हणून मी "हिवाळ्यात" लिहिलं होतं. आणि त्या काळ्या रंगछटेच्या पोलादाला घाम चालत नाही हे सांगायचं राहिलं, ती चूक माझी. मेणाचा पातळ हात देऊन ठेवा, बोटांचे ठसेही लागत नाहीत.

जुना_फौजी
आता कमरेला काय?

कृष्णाकाठ
सध्या काहीच नाही. काकूंच्या ओळखीच्या प्रशिक्षिकेकडे दोन शनिवारचा वर्ग लावला आहे, तिथे तीन-चार छोटी नवी पिस्तुलं चालवून बघायला मिळतात. बहुधा त्यातलंच एखादं प्लास्टिकचं घेईन. नागपूरकर, आनंद व्यक्त करू नका. नाहीतर वर्गानंतर असंही वाटेल की नकोच. डॉक्टरांचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला, ती त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. तेही बोलायचंय आमचं.

मकारोव मात्र राहणार. महिन्यातून एकदा रेंजवर, आणि खंडेनवमीला पूजेत. आजोबांचा अडकित्ता आणि माझा स्क्रूड्रायव्हरचा संच दरवर्षी असतोच, त्यांच्या शेजारी.

डॉ_कडूलिंब
बोला दोघं. आणि झेंडू वाहताना रिकामं आहे ना ते दोनदा बघा.

दापोलीचा_बाबू
पातेल्याचं राहिलं. कुठलं होतं?

कृष्णाकाठ
दुधाचं.

पोह्यात_शेंगदाणे
वहिनींचा आयडी आहे का इथे?

कृष्णाकाठ
आहे. वाचनमात्र. आत्ता हे वाचतेय.

तिरकस
कॉस्मोलिनपेक्षा मोठं संकट. पॉपकॉर्न परत गरम करतो.